दोन शजरे: नाशिकच्या मुस्लिम घराण्यांची वंशावळ आणि सूफी वारसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोडी वाचता येतं ही बातमी जुन्या नाशकात एकदा पसरली की माणसाला चहा विकत घ्यावा लागत नाही. लोक पिशवीतून घड्या पडलेले कागद काढतात, चहा मागवतात आणि विचारतात, "हमारे बड़े कहाँ से आये?" चौक मंडई, वडाळा, भद्रकाली, मालेगाव, कुठूनही येवोत, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. जे एका ठिकाणी सांगितलं ते दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे एकही जुना कागद नाही. सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून. ती बोलत नसेल तर प्रश्न १५ पाहा.

त्यानंतर शाळा. आजोबा दोनच इयत्ता शिकले असले तरी शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, धर्म आणि बहुतेक वेळा जात असते. जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर वंशावळ उभारू नका. ती गुरुजींनी घातलेली आहे, अख्खा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. मग तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४ शोधा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. शेती असेल तर सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या, त्यावरून आधीचा, त्यावरून त्याच्याही आधीचा, असं मागे जा. फेरफारात कोण वारला, वारस कोण, हे सगळं असतं.

एका वेळी एकच पिढी मागे जायचं. पणजोबांचं गाव ठाऊक नसताना बगदादला पोहोचलेल्या बऱ्याच वंशावळी माझ्यासमोर उलगडल्या गेल्यात. त्यांत मधल्या दोनशे वर्षांत कोणीच नसतं.

२. पंचवटी-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे हिंदूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. मुसलमानांच्या अशा वह्या कुठे आहेत?

एका जागी कुठेच नाहीत. यजमान तीर्थाला येतो, उपाध्याय वही काढतात, पूर्वजांची नावं दाखवतात आणि नवी नावं लिहून घेतात, अशी पद्धत आपल्यात बसली नाही. सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे निकाहाचं दफ्तर. त्यात नवरा-नवरी, दोघांचे वडील, वकील (नवरीच्या वतीने बोलणारा), दोन साक्षीदार आणि मेहरची रक्कम असते. साक्षीदारांची नावं वाचल्याशिवाय पान उलटू नका, ते बहुधा चुलते नाहीतर मामे असतात.

अडचण अशी की १८८० च्या काझी कायद्याने सरकारला काझी नेमता आला, पण निकाहाला काझी हजर हवाच असं त्या कायद्यात नाही. त्यामुळे दफ्तर एका घराण्यात राहिलं नाही. निकाह कोणी पढवला हे आधी विचारा, मग त्या मशिदीत किंवा त्या काझींच्या वारसांकडे जा. सोबत मिठाई न्या. माळ्यावर चढायचं काम त्यांना करायचं असतं.

याशिवाय पीरजाद्यांचे, म्हणजे पीरांच्या घराण्यांचे शजरे (प्रश्न ५) आणि इनामाच्या कैफियती (प्रश्न १३) आहेत.

३. आमचं आडनाव शेख आहे. म्हणजे आम्ही मूळचे अरब का?

नाही. निदान त्या एका शब्दावरून तरी नाही. आपल्याकडे शेख हे पुष्कळदा आडनावच नसतं. 'शेख रहीम शेख करीम' म्हणजे करीमचा मुलगा रहीम. शाळेत किंवा रेशनकार्डावर आडनावाचा रकाना भरायचा म्हणून शेख तिथे जाऊन बसला. एकाच घरात एक भाऊ बागवान, दुसरा शेख आणि चुलता नुसता 'मुसलमान' अशा नोंदी मिळतात. म्हणून शोधताना यादीतल्या 'श' वर थांबू नका, वडिलांच्या नावाने शोधा.

'खान'चंही तसंच. दख्खनच्या दरबारांत तो किताब होता, अफगाण असण्याचा दाखला नव्हे. 'शाह' बहुतेक ठिकाणी राजघराण्याचा नाही, फकीर बिरादरीचा आहे. फारसीत एक जुनी म्हण आहे: पूर्वी आम्ही कसाई होतो, मग शेख झालो, यंदा धान्य स्वस्त झालं तर सय्यद होऊ.

४. आम्ही सय्यद आहोत, पूर्वज बगदादहून आले असं घरात सांगतात. खरं मानायचं का?

घरात सांगतात हे खरं माना, आणि तसं लिहूनही ठेवा. पण 'सांगतात' असं लिहा.

थोर पूर्वज जोडून घेण्याची हौस गरिबांपुरती नव्हती. १३८२ ते १६०१ खानदेशावर राज्य करणारे फारुकी सुलतान आपला वंश थेट खलिफा उमर फारूक यांच्यापर्यंत नेत. उलट अहमदनगरच्या निजामशाहीचं उदाहरण बघा. १४९० मध्ये ती स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचा बाप मूळचा ब्राह्मण आणि घराणं पाथरीच्या कुळकर्ण्यांचं, असं त्याच अहमदनगरात राहिलेला इतिहासकार फिरिश्ता लिहितो. म्हणजे ज्याला निजामुलमुल्क म्हणत त्याची मुळं परभणीकडची निघाली. कुळकर्णीपण लपवावं असं त्यांना वाटलं नाही. आपण मात्र पिंजारीपण लपवतो.

बाहेरून आलेली घराणी आहेतच. फौजेबरोबर, व्यापाराला, पीराच्या मागोमाग आलेली. पण आलेल्या माणसाने लग्न इथल्याच बाईशी केलं आणि तिचं माहेर शजऱ्यात कोणी लिहिलं नाही. अर्धी वंशावळ तिथेच गेली (प्रश्न १२).

५. दर्ग्यातून आमच्या घराण्याचा छापील शजरा मिळाला आहे. हीच वंशावळ ना?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. आणि सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात.

शजरा म्हणजे झाड. पण झाडं दोन आहेत. एक नसबाचं, म्हणजे रक्ताचं. दुसरं सिलसिल्याचं, म्हणजे बैतीचं, पीराच्या हातावर घेतलेल्या शपथेचं. दुसऱ्यात बाप-मुलगा नसून पीर-मुरीद, म्हणजे गुरू-शिष्य असतात. तुमचे पीर, त्यांचे पीर, त्यांचे पीर असं करत ते चिश्ती, कादरी किंवा सुहरवर्दी साखळीने हजरत अलींमार्फत पैगंबरांपर्यंत पोहोचतं. नक्शबंदींची प्रसिद्ध साखळी हजरत अबू बकर यांच्यामार्फत जाते. मुरीद झाल्यावर हातात मिळतो तो हा शजरा, रोज पढायचा. आजोबांनी तो कुराणाच्या जुजदानात (बासनात) ठेवला, नातवाला तो तिथे सापडला, आणि नातवाला वाटलं ही आपल्या बापजाद्यांची यादी.

ओळखायचं कसं? 'बिन', 'इब्न' किंवा 'वल्द' आलं तर रक्त. 'मुरीद', 'खलीफा' (पीराने वारस नेमलेला शिष्य), 'खिरका' (पीराने दिलेला झगा) आलं तर बैत. नुसत्या नावांची दुआ असेल, 'यांच्या वसील्याने' अशा धाटणीची, तर तीही बैतच. सज्जादानशीन, म्हणजे दर्ग्याची गादी चालवणाऱ्या घराण्यांत बापच मुलाला खिलाफत देतो, तिथे काही पिढ्यांपुरती दोन्ही झाडं एकमेकांत गुंफलेली दिसतात आणि मग वर जाऊन फाटा फुटतो. तो फाटा शोधा.

एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया यांनी लग्नच केलं नाही. तरी 'निजामी' हजारो आहेत. ते सिलसिल्याने निजामी आहेत, किंवा त्यांच्या बहिणीच्या वंशाचे. हे ऐकून एक काका माझ्यावर नाराज झाले होते. मी त्यांना एवढंच म्हणालो की रक्त आपोआप मिळतं, बैत मागून घ्यावी लागते. यातलं कमी काय आहे?

६. नाशिकचा सूफी परंपरेशी नेमका संबंध काय? मोठी नावं तर सगळी अजमेर-दिल्लीचीच ऐकतो.

नाशकातल्याला अजमेरपेक्षा खुलदाबाद जवळ. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली, त्या काळात दिल्लीचे सूफीही दक्षिणेत आले. निजामुद्दीन औलियांचे खलीफा बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले आणि त्यांचे खलीफा जैनुद्दीन शिराजी १३६९ मध्ये. दोघेही खुलदाबादेत दफन आहेत, आणि औरंगजेबाची साधी कबर जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात. खानदेशात फारुकींनी तापीकाठी शहर वसवलं ते बुऱ्हानपूर, पलीकडच्या काठावर जैनाबाद. ही नावं गुरू-शिष्यांवरूनच आली.

नाशकात पिंजारघाटावर हजरत सय्यद सादिकशाह हुसैनी यांची बडी दर्गा आहे. उरूस, संदल, चादर यांना जाणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा हे मोजत बसायची पद्धत इथे नव्हती.

दक्षिणेला, अहमदनगरकडे (आताचं अहिल्यानगर) जाल तर शहाजीराजे आणि शरीफजी ही भावांची नावं तिथल्या शाह शरीफ यांच्या नवसावरून ठेवल्याची परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर मराठीतच लिहीत, आणि वारकऱ्यांत त्यांना मान आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि शेख महंमद या दोघांनाही चांद बोधले यांच्याकडून उपदेश मिळाला, असं परंपरा सांगते. इथेही साखळी बैतीचीच आहे, रक्ताची नाही.

७. आमचे पूर्वज तलवारीच्या धाकाने मुसलमान झाले की सूफींमुळे?

दोन्ही उत्तरं तयार कपड्यांसारखी आहेत, कोणालाच नीट बसत नाहीत.

धाकाने आणि राजकारणापायी धर्मांतरं झाली. नेताजी पालकर १६६७ मध्ये मुहम्मद कुलीखान झाले आणि १६७६ मध्ये परत आले. पण अशा नोंदी सरदारांच्या असतात. पिंजाऱ्याची किंवा बागवानाची नोंद कोणी ठेवणार? आणि सूफींना धर्मांतराचे प्रचारक म्हणावं, तर खुलदाबादच्या त्या काळच्या मलफुजातांत, म्हणजे पीरांच्या बैठकीतल्या टिपणांत, बोलणं मुरीदांच्या शिस्तीचं, समाचं, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफिलीचं, आणि स्वप्नांचं जास्त आहे.

बहुतेक घराण्यांत हे सावकाश घडलं. नवसाला दर्ग्यात जाणं, सुंता, निकाह, मग नावं. नावं सर्वांत शेवटी बदलतात. म्हणूनच खानदेश-बागलाणाच्या जुन्या नोंदींत दगडू, भिकन, सांडू अशी नावं मुसलमानांचीही मिळतात. दख्खनी चक्कीनामे बघा, बायांनी दळताना म्हणायची सूफी गाणी. जात्यावरच्या ओवीच्या जागेवरच ती येऊन बसली. लग्नातली हळद, गळ्यातली काळी पोत, हेही त्याच वाटेवरचे पुरावे आहेत. लाज वाटून घेऊ नका, टिपून ठेवा.

८. बागवान, पिंजारी, मुलाणी, आतार यांवरून मूळ कळतं का?

धंदा कळतो, आणि शोधायची जागा कळते. पिंजारी कापूस पिंजणारे, आतार अत्तर-औषधी विकणारे, शिकलगार हत्यारांना धार लावणारे, तांबोळी पानवाले. मुलाणा हा गावगाड्यातला बलुतेदार होता, त्यामुळे मुलाणी घराण्यांची नावं गावच्या हक्कांच्या आणि इनामाच्या कागदांत मिळतात. ही चांगली सोय आहे. पाटील-देशमुख आडनावाचे मुसलमान असतील तर वतनाचे कागद पाहा.

कोकणीपुऱ्यातल्या मंडळींसाठी वेगळी खूण आहे. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई फिकह (धर्मनियमांची शाखा) पाळतात, बाकीचं दख्खन बहुतेक हनफी आहे. आजोबा नमाजात 'आमीन' मोठ्याने म्हणत असत का? (अहले हदीसवालेही म्हणतात, तेव्हा एवढ्यावरूनच शिक्का मारू नका.) दाऊदी बोहऱ्यांची दफ्तरं त्यांच्या जमातीकडे असतात, तिथेच विचारा.

९. सनदेवर नाशिक हे नावच सापडत नाही. कागद दुसऱ्या गावचा आहे का?

'गुलशनाबाद' शोधा. मोगल काळात नाशिकचं नाव ते होतं. गावाचा पत्ता सुभा, सरकार, परगणा, मौजे अशा उतरंडीने लिहिलेला असतो, तो शेवटपर्यंत वाचा. इंग्रजी अमदानीतही फसगत होते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधीचे कागद अहमदनगर आणि खानदेश जिल्ह्यांच्या दफ्तरांत निघतात.

१०. कागदावरची तारीख समजत नाही. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे काय?

हे वाचताना मला दर वेळी मजा येते. मराठेशाहीतले ब्राह्मण कारकून मोडीत अरबी आकडे लिहीत. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७५. हा शुहूर सन, त्यात ५९९ मिळवा: १७७४. वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून कागद पुढच्या जानेवारीतला असेल तर १७७५ धरा. फसली सन असेल तर ५९० मिळवा. हिजरी असेल तर मिळवणी चालत नाही, कारण ते वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं. आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. हिजरी ११५० म्हणजे साधारण १७३७. एकाच कागदावर दोन सन असतील तर दोन्ही काढून ताळा बघा. जुळलं नाही तर नक्कल करणारा चुकलाय किंवा कागद बनावट आहे.

मोडी वाचणारे पुराभिलेख विभागाच्या प्रशिक्षणातून तयार होतात, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे त्यांना मागणी फार आहे. फारसीसाठी जुन्या मदरशातले एखादे मौलवीसाहेब गाठा. दाखवताना कागदाचा फोटो द्या. मूळ कागद कोणाच्या हाती सोडू नका. आमच्या घरची एक सनद 'वाचून देतो' म्हणून नेलेल्या माणसाबरोबर गेली ती गेलीच.

११. आम्ही मालेगावचे मोमीन. आमचा शोध नाशकात लागेल का?

फार पुढे जाणार नाही. मालेगावच्या विणकरांपैकी पुष्कळ घराणी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेतून आली: अलाहाबाद, बनारस, मऊ, आझमगड. मागे १८५७ ची धामधूम आणि दुष्काळ, आणि वाट आग्रा रोडची. म्हणून घरात मूळ कसब्याचं नाव कोणाला आठवतं का ते आधी विचारा. वाटेत बुऱ्हानपूर किंवा धुळ्यात काही वर्षं थांबलेल्या भावकीचाही शोध घ्या.

१२. शजऱ्यात एकाही बाईचं नाव नाही. आजी-पणजींचा माग कसा काढायचा?

तीन ठिकाणी बाई नावासकट सापडते. निकाहनाम्यात (प्रश्न २). वारस फेरफारात, कारण शरीअतीने मुलीचाही हिस्सा आहे. 'हक्क सोडला' असं लिहिलेलं असलं तरी तो सोडणारीचं नाव लिहावंच लागतं, पुष्कळदा सासरच्या गावासकट. भावांनी बहिणींचे हक्क सोडवून घेतले म्हणून आज बहिणींची नावं आपल्याला मिळतात, असा हा उफराटा न्याय आहे. तिसरं ठिकाण म्हणजे भावकीतलं दावा-भांडण. कोर्टाच्या कागदाइतकी तपशीलवार वंशावळ कोणताही प्रेमळ नातू लिहीत नाही.

अपवाद: खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांत जुन्या काळी वारसा हिंदू रिवाजाने चाले. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या आधीच्या त्यांच्या कागदांत मुली नसतील तर त्या नव्हत्याच असं समजू नका.

१३. आम्ही दर्ग्याचे पिढीजात मुजावर. इनाम जमीन आमच्या नावावर आहे, मग ती आमचीच ना?

वंशावळीसाठी तुम्ही नशीबवान आहात. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना हक्क सिद्ध करावे लागले. त्यांच्या कैफियती आणि पिढ्यांच्या याद्या पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधता येतात. मोगलांची सनद, ती पेशव्यांनी पुढे चालू ठेवल्याचं पत्र, मग इंग्रजांचा ठराव, अशी रांग लागली तर सोन्याहून पिवळं.

मालकीचं मात्र वेगळं. जातइनाम (व्यक्तीला दिलेलं) आणि देवस्थान इनाम एक नव्हे. १९५२ च्या कायद्याने जातइनामं रद्द झाली. दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन संस्थेची असते. मुजावर सेवा करतो, उत्पन्नातून खातो, पण विकू शकत नाही. सनदेत 'खिदमत', 'चिराग', 'उरूस' असे शब्द आहेत का पाहा. वक्फ कायद्यात २०२५ मध्ये बदल झाले आहेत, तेव्हा या बाबतीत माझ्याकडे नाही, वकिलाकडे जा.

१४. डीएनए तपासणी, जातीचा दाखला, मोहरमचा ताबूत: यांतून मूळ सिद्ध होतं का?

तीन वेगळ्या लोकांचे प्रश्न आहेत, पण चूक एकच म्हणून एकत्र घेतले.

डीएनए: भारतातले मुसलमान आनुवंशिकदृष्ट्या बहुतांशी आपल्या शेजाऱ्यांसारखेच आहेत. २०१० मधल्या एका अभ्यासात उपखंडातल्या सय्यदांमध्ये अरब अंश थोडा जास्त दिसला, पण सगळ्यांचा एकच अलीकडचा मूळपुरुष दिसला नाही. पैसे वाचवा.

दाखला: इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. नुसतं 'मुसलमान' लिहिलेली नोंद उपयोगी पडत नाही, धंदा किंवा जात हवी. अनुसूचित जातीचा पूर्वज सापडला तरी मुसलमानाला तो दर्जा मिळत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून तडवी भिल्ल मुसलमान असूनही जमातीतच आहेत.

ताबूत: घरात ताबूत बसतो म्हणून घराणं शिया ठरत नाही. १६व्या शतकात बुऱ्हान निजामशहाने शिया पंथ घेतला आणि मोहरम दख्खनभर पसरला, पण सुन्नी आणि हिंदू घरांनीही तो आपलासा केला. आपल्या नाशकातल्या इमामशाहीतला हालोंचा ताबूत बघा. अळिवाचं बी उगवून हिरवागार झालेला. तो पाहायला जाणाऱ्यांचा पंथ कोण विचारतो?

१५. दादी ८४ वर्षांची आहे. काही विचारलं की 'छोड रे वो बातां' म्हणते. काय करू?

वही-पेन आणि रेकॉर्डिंग आधी दूर ठेवा. तिला पोलिस चौकशीसारखं वाटतं. 'आपण मूळचे कुठले' हा प्रश्न तर विचारूच नका, त्याचं उत्तर तिने सासऱ्यांकडून पाठ केलेलं आहे आणि त्यात बगदाद येतं. साधं विचारा. तुमच्या लग्नात बिर्याणी होती की खिचडा? पहिल्या बाळंतपणाला कुठे गेला होता? नवस कोणत्या दर्ग्याला बोलायचे? ईदला तुम्हाला कोण न्यायला यायचं? न्यायला यायचा तो भाऊ. भावाचं गाव म्हणजे माहेर. तिथून फुफी, खाला, मामू आपोआप येतात.

एका घरी तासभर बसूनही काही निघालं नव्हतं. उठताना मी म्हणालो, "दादी, लसूण निवडू का?" टोपली पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "हमारे चांदवड में लसून मोटा आता था." घरात कोणालाही हे चांदवडचं नातं माहीत नव्हतं.